एका टाचणीची उलटतपासणी

हुबळी आणि धारवाड या जुळ्या शहरांतील समस्त नागरिकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, गेल्या पावसाळ्यानंतर आपल्या लोकसंख्येत एका रहिवाशाची भर पडली आहे. सदर रहिवाशाची लांबी मधल्या बोटाच्या दोन पेरांएवढी, जाडी सुतळीच्या एका धाग्याएवढी, डोळे जुन्या सोड्याच्या बाटलीसारखे हिरवे, शेपटीच्या टोकाशी पांढरा पट्टा. रेशनकार्ड नाही. कायमचा पत्ता, केलगेरी तळ्याच्या पलीकडचा एक ओढा. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. जे काही घाबरायचं होतं ते आम्ही तिघांनी आधीच घाबरून घेतलं आहे.

हा रहिवासी म्हणजे एक टाचणी. कागदाला लावायची नव्हे. तळ्याकाठी भिरभिरणारा चतुर तुम्ही पाहिलाच असेल, त्याची ही सडपातळ चुलत बहीण. चतुर बसला की पंख ऐसपैस पसरून बसतो, सासुरवाडीला जावई बसावा तसा. टाचणी मात्र पंख पाठीवर मिटून, अंग चोरून बसते. म्हणून ती कुणाला दिसत नाही, आणि म्हणूनच तिच्यावरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठू शकतात.

माणसं म्हणजे आम्ही तिघं. मी दाजीबानपेठेत कापडाचं दुकान चालवतो. दुकान आजोबांनी मिरजेकडून येऊन घातलं, आणि माझी ढेरी मी स्वतःच्या कर्तबगारीवर वाढवली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा हुबळीत ओळखीचे लोक फार, चालताना पाहिलं तर धंदा बुडाला म्हणतील, या भीतीनं मी रविवारी पहिल्या बसनं धारवाडला जाऊन केलगेरी तळ्याला फेरी मारू लागलो. तिथं एके सकाळी एक वयस्क बाई चिखलात वाकून काहीतरी शोधताना दिसल्या. कानातलं पडलं असेल म्हणून मीही वाकलो. अर्धा तास आम्ही दोघं शोधत होतो. मग त्या म्हणाल्या, "सापडला." मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या हातावर कानातलं ठेवलं नाही, गवताच्या काडीवर बसलेला एक लाल चतुर दाखवला. तेव्हापासून मी कामातून गेलो.

त्या बाई म्हणजे अक्का. निवृत्त शिक्षिका, जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं. घरात मराठी, वर्गात कन्नड, आणि चुका दोन्ही भाषांतल्या काढणार. तिसरे वकीलसाहेब, धारवाडच्या कोर्टात वकिली करतात. अक्कांचे शेजारी. आधी ते आमच्या वेडाला हसायचे, मग एका रविवारी हसण्यासाठी म्हणून आमच्याबरोबर आले आणि परत गेलेच नाहीत.

बारा वर्षं आमची एक वही आहे. धारवाडच्या परिसरात दिसलेल्या सगळ्या चतुरांची आणि टाचण्यांची यादी. तिची एक प्रत दर वर्षी बेंगळुरूच्या एका जाणकारांकडे जाते आणि ते ती मानतात, यावर आमची छाती फुगलेली असते. वहीत तीन रकाने. 'पाहिलं', 'पाहिलंसं वाटलं' आणि 'ऐकलं'. नवीन जात सापडली की ती थेट 'पाहिलं'मध्ये जात नाही. अक्कांच्या व्हरांड्यात दावेदारानं उभं राहायचं, आणि वकीलसाहेबांनी त्याची उलटतपासणी घ्यायची. नेमकी जागा तोपर्यंत बंद लिफाफ्यात. कारण एका वर्षी जागा आधी कळली, आणि खात्री करायला मी आणि वकीलसाहेब असे धावलो की ज्या दलदलीत ती जात होती तिची आम्ही पाऊलवाट केली.

आणि एक शेवटचा नियम. अक्कांनीच घातलेला. कुणाचा एक फोटो जरी दुसऱ्या गावचा निघाला, तर त्या माणसाच्या वहीतल्या सगळ्या नोंदी रद्द. पहिल्यापासून. "वर्गात एक उत्तर बघून लिहिलेलं सापडलं तर मी अख्खा पेपर रद्द करायची," असं त्या म्हणाल्या होत्या. हा नियम एकदा वापरलाही गेला. आमच्यात एक इंजिनिअर होते. त्यांनी दांडेलीच्या जंगलातला फोटो धारवाडचा म्हणून दिला, वकीलसाहेबांना पाठीमागे पाटीचा एक कोपरा दिसला. अक्कांनी पट्टी घेतली, लाल पेन घेतलं आणि त्या गृहस्थांच्या एकेका ओळीवर शांतपणे रेघ ओढली. ते आता गुलाब लावतात, आणि आम्ही दिसलो की रस्ता ओलांडून पलीकडे जातात.

एवढं लक्षात ठेवा, मग पुढचं माझं पाप तुम्हाला नीट मोजता येईल.

त्या रविवारी अक्का इरकली साडी नेसून बसल्या होत्या. सणवार काही नव्हता. आमच्यापुढे अवलक्कीच्या, म्हणजे पोह्यांच्या, बशा ठेवून त्या म्हणाल्या, "माझा एक दावा आहे."

बारा वर्षांत त्यांनी हे वाक्य उच्चारलं नव्हतं. वहीतल्या बहुतेक नोंदी त्यांच्या, पण त्या नेहमीच्या जातींच्या: कुठल्या महिन्यात काय उडतं, कधी अंडी घालतं, कुठल्या गवतावर. 'या भागात प्रथमच' हा शिक्का वकीलसाहेबांच्या नावावर दोनदा आणि माझ्या नावावर एकदा होता. तो एकदाचा मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवला होता, परकर घ्यायला आलेल्यांनासुद्धा.

"उभ्या राहा, अक्का," वकीलसाहेब म्हणाले.

"गुडघा दुखतोय. बसून सांगितलं तर खोटं होतंय काय?"

"उभं राहायचं हे तुम्हीच ठरवलंय."

अक्का उभ्या राहिल्या.

"वेळ?"

"सकाळी साडेआठ."

"ऊन?"

"पाठीमागून."

"चष्मा?"

"नाकावर."

"कुणाच्या?"

"वकीलसाहेब, बशी परत घेईन मी."

वकीलसाहेबांनी बशी छातीशी धरली आणि पुढे विचारत राहिले. अक्कांनी सगळं सांगितलं. सावलीतला ओढा, पाण्यावर वाकलेली फांदी, हिरवे डोळे, पांढरा पट्टा. ही जात घाटातल्या गर्द सावलीची, आपल्या बाजूला कुणी नोंदवलेली नाही. मग त्यांनी फोटो टेबलावर ठेवला. त्यांचा कॅमेरा जुना. त्यातली तारीख त्यांनी कधी लावलेली नाही, त्यामुळे त्यांचा प्रत्येक फोटो एकाच एक जानेवारीला काढलेला असतो.

वकीलसाहेबांनी भिंगातून पाहिलं आणि फोटो माझ्याकडे सरकवला. टाचणी सुंदर होती. पण कापडवाला टाचणी पाहत नाही. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात, धूसर, अंगठ्याच्या नखाएवढं काहीतरी लाल होतं. लालावर बारीक पांढरी चौकड.

मी तीस वर्षं कापड फाडलंय. धूसर असो, फाटकं असो, धुवून विटलेलं असो, चौकड माझ्याशी बोलते. ही चौकड मला म्हणाली, गोवा. तिकडच्या जुन्या लुगड्यांची लाल-पांढरी चौकड. आणि त्याच क्षणी मला आठवलं की अक्का पंधरा दिवसांपूर्वी मडगावला बहिणीकडे जाऊन आल्या होत्या. येताना आम्हाला काजू आणले होते. गोवा म्हणजे घाटाचा पायथा. तिथं ही टाचणी घरोघरी नसेल, पण ओढ्याओढ्याला असेल.

काजू. म्हणजे लाच. माझ्या तोंडातली अवलक्की एकदम कोरडी झाली.

"काय शेटजी? शंका?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"पुढच्या रविवारी सांगतो," मी म्हणालो. अक्का माझ्याकडे क्षणभर पाहत राहिल्या. मग त्यांनी बशीत आणखी दोन चमचे अवलक्की वाढली. हीसुद्धा लाचच, असं मी मनात टिपून ठेवलं.

सोमवारी दुकान उघडल्यापासून मी लाल चौकडी काढत होतो. टॉवेल, पंचे, लुंग्या, चादरी, सगळ्या गठ्ठ्यांच्या गाठी सोडल्या. एक गिऱ्हाईक निळं कापड मागत होतं, मी त्याला लाल दाखवत होतो. संध्याकाळी पेठेतल्या घाऊक व्यापाऱ्याकडे जाऊन, फोटोतला तो कोपरा मी वहीच्या कागदावर रंगवला होता तो दाखवला. ते म्हणाले, "हे कापड नव्हे अण्णा, हे गोवर आहे." पण मला खात्री होती.

संशयाची एक मजा असते. तो एका जागेवर बसत नाही, घरभर फिरतो. अक्कांनी बारा वर्षांत एकही पहिला दावा का केला नाही? प्रामाणिकपणामुळे, असं मी आजवर समजत होतो. आता वाटू लागलं, दबा धरून बसल्या होत्या. त्या दर वेळी माझ्या नोंदींतल्या तारखा का तपासायच्या? मला वाटायचं, शिक्षिकेची सवय. आता वाटू लागलं, चोराला चोराची वाट शिकायची असते. अगदी पहिल्या दिवसाचा तो लाल चतुरसुद्धा मला संशयास्पद वाटला. अर्ध्या तासानं बरोबर माझ्यासमोरच कसा सापडला?

आणि तरी, दर थोड्या वेळानं मला ती पट्टी आठवायची. मी जे बोलणार होतो ते खरं ठरलं, तर एक टाचणी जाणार नव्हती, बारा वर्षं जाणार होती. वहीतल्या पाचातल्या चार ओळी अक्कांच्या. आणि रेघ ओढणार कोण? त्याच. त्यांनी दुसऱ्याला ओढू दिली नसती.

मंगळवारी पहाटे मी उठून बूट घालू लागलो.

"कुठं?" बायकोनं विचारलं.

"केलगेरी."

"रविवारचं मी समजू शकते. मंगळवारी कसला चतुर उडतोय?"

"अक्कांवर पाळत ठेवायची आहे."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. साठी ओलांडलेल्या बाईवर पाळत ठेवायला ढेरपोट्या माणूस पहिल्या बसनं निघालाय, यात काळजी करण्यासारखं काही आहे का याचा तिनं विचार केला, आणि नाही असं ठरवून ती परत झोपली. तो निकाल मला जरा लागलाच.

तळ्याला वळसा घालून मी पलीकडच्या बाजूला गेलो. कुठला ओढा ते लिफाफ्यात बंद होतं, पण सावलीचा ओढा म्हटल्यावर तिकडे पर्याय थोडे. गळ्यात दुर्बीण, हातात वही, डोक्यावर कानटोपी. एका डबक्याशी एक म्हातारा म्हशी धूत होता. त्यानं मला दुरूनच पाहिलं आणि म्हशीच्या पाठीवरचा हात थांबवला.

"एन्री, सर्वे?" काय हो, सर्वे का, असं त्यानं कन्नडमध्ये विचारलं.

"नाही अज्जा. किडे बघतोय," मीही कन्नडमध्ये सांगितलं.

"मागच्या वेळी आलेले पण असंच म्हणत होते. पक्षी बघतो म्हणाले. सहा महिन्यांनी दगड रोवले, लेआउट पडला." तो जवळ आला आणि माझ्या वहीत डोकावला. "हे काय लिहिलंय?"

मी तिथं 'लाल, पांढरी चौकड' असं लिहिलं होतं आणि त्याखाली चौकड काढली होती.

"प्लॉट," तो म्हणाला.

मी पुष्कळ समजावलं. कापडाचं दुकान सांगितलं, पेठ सांगितली, आजोबांपर्यंत गेलो. जितकं जास्त सांगत गेलो तितका त्याचा चेहरा घट्ट होत गेला. खरं बोलणारा माणूस इतकं सांगत नाही, हे त्याला म्हशींमुळे की लेआउटवाल्यांमुळे, चांगलं ठाऊक होतं. शेवटी त्यानं आपल्या म्हशी माझ्या आणि ओढ्याच्या मध्ये उभ्या केल्या आणि स्वतः दगडावर बसून माझ्याकडे पाहू लागला. मला गोल फिरून, घाणेरीच्या जाळीतून, ओरखडे घेत ओढ्याकडे जावं लागलं.

आणि तिथं अक्का होत्या.

माझ्याकडे पाठ करून त्या पाण्याकाठी उकिडव्या बसल्या होत्या. मी जाळीत श्वास रोखून राहिलो. बराच वेळ त्या नुसत्याच बसून होत्या. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, शेजारच्या पिशवीतून एक बाटली काढली, झाकण उघडलं, आणि ती ओढ्यात बुडवून हलवली.

मला एकदम सगळं उलगडलं. मडगावहून आणलेल्या टाचण्या. बाटलीतून. सोडतायत. फोटो तिकडचा होताच, आता पुरावाही तिकडचा आणून इथं वसवतायत. जीवशास्त्राची शिक्षिका आणि इतकी योजना. खरं सांगतो, त्या क्षणी मला अक्कांबद्दल जेवढा आदर वाटला तेवढा बारा वर्षांत वाटला नव्हता.

पुढच्या रविवारी व्हरांड्यात मी अवलक्की नको म्हणालो. वकीलसाहेबांनी चमचा खाली ठेवला. मी अवलक्की नाकारणं ही त्यांच्या दृष्टीनं फिर्यादच होती.

"माझी शंका आहे," मी म्हणालो, आणि उभं राहून सगळं सांगितलं. चौकड, मडगाव, पंधरा दिवस. बाटलीपर्यंत आलो तेव्हा माझा आवाज कापरा झाला होता. थोडा अभिनय होता, थोडा नव्हता.

अक्का उठून आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात वही, पट्टी आणि लाल पेन होतं. तिन्ही त्यांनी टेबलावर एकाशेजारी एक, सरळ रांगेत ठेवली.

"अक्का, बाटलीत काय होतं?" वकीलसाहेबांनी हळू विचारलं.

"ताक. पिऊन झाल्यावर विसळली."

"साक्षीदार?"

"ताकाला साक्षीदार कुठला असतोय?" त्या माझ्याकडे वळल्या. "अण्णा, मंगळवारी तुम्ही जाळीत होता होय? मला वाटलं डुक्कर आहे. म्हणून मी इतका वेळ हलले नाही."

वकीलसाहेब हसले नाहीत. त्यांना हसू आलं नाही असं नव्हे, पण समोर पट्टी होती. त्यांनी लिफाफा फोडला, जागा वाचली आणि निकाल दिला. "फोटोवर शंका आलीय, म्हणजे फोटो बाद. आता आणखी फोटो काढूनही उपयोग नाही. शंका शेटजींची, तेव्हा शेटजींनीच स्वतःच्या डोळ्यांनी ती टाचणी त्या जागी बघायची. मी बघून चालणार नाही, अक्कांनी बघून चालणार नाही. आज बारा वाजेपर्यंत. बघितली तर शंका मागे. नाही बघितली तर..." त्यांनी पट्टीकडे पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडलं.

"चला," अक्का म्हणाल्या. वही, पट्टी आणि पेन त्यांनी बरोबर घेतलं.

ओढ्यावर पोचलो. जांभळाची सावली, गुडघ्याखाली पाणी, वर वाकलेली फांदी. सगळं त्यांनी सांगितल्यासारखं. अक्कांनी हातातली पिशवी दगडावर ठेवली, आतून पट्टी काढली, आणि पिशवी तिथंच फोटोतल्यासारखी डाव्या बाजूला राहिली. लाल. पांढरी बारीक चौकड.

मी पिशवीकडे पाहिलं. मंगळवारीही ती तिथंच होती, पण मी बाटलीकडे पाहत होतो. पिशवीच्या कडेला आतून एक पांढरी पट्टी शिवलेली होती आणि तिच्यावर माझ्या दुकानाचं नाव होतं.

दोन वर्षांपूर्वी एक टॉवेलचा माल आला होता. लाल चौकडीचा. धुतला की दुसऱ्या कपड्यांना रंग लावायचा, म्हणून कुणी घेईना. शेवटी मी त्याच्या पिशव्या शिवून गिऱ्हाइकांना फुकट वाटल्या होत्या. सोमवारी मी दुकानातली एकूण एक लाल चौकड काढून पाहिली, फक्त हीच पाहिली नाही, कारण न खपलेलं कापड व्यापाऱ्याच्या डोळ्यांपुढून आपोआप पुसलं जातं. गोव्याचं कापड मी बिनचूक ओळखलं. ते फक्त दाजीबानपेठेतलं निघालं.

"शेटजी," वकीलसाहेब म्हणाले, "पुरावा तुमच्याच दुकानातला दिसतोय."

"म्हणजे फोटो इथलाच," मी घाईनं म्हणालो. "शंका मागे घेतो."

"तसं नव्हे," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातला होता. "पिशवी मडगावलापण जाऊ शकते. नेली होती मी. त्यातनंच काजू आणले. तुम्ही शंका घेतलीय, आता ती टाचणी बघा आणि मगच सोडा."

स्वतःला वाचवायची एवढी सोपी संधी त्यांनी अशी बाजूला सारली, आणि तरी मी असला शहाणा, की मला वाटलं यातही काही डाव असेल.

मी बूट काढून पाण्यात उतरलो. अक्कांनी जिथं सांगितलं तिथं उभा राहिलो. हलायचं नाही, बोलायचं नाही. वकीलसाहेब माझ्यामागे काठावर, अक्का त्यांच्या शेजारी. साडेदहा झाले. फांदीवर एक नेहमीची पिवळी टाचणी बसून गेली, एक चतुर आला आणि दुसऱ्या चतुराला हाकलून गेला. अकरा झाले. माझे पाय बधिर झाले. पावणेबारा. माझे डोळे फांदीवर, आणि डोळ्यांपुढे सारखी ती वही. मोगरा फुलल्यासारखं अक्कांचं लहान, गोल अक्षर. पहिल्या पानावर माझा लाल चतुर, त्यांनीच माझ्या नावावर लिहिलेला, कारण "तुम्ही पण वाकला होता की".

मग मागून वकीलसाहेबांचा श्वास अडकल्याचा आवाज आला.

"हलू नका," अक्का कुजबुजल्या.

"कुठं आहे?" मी ओठ न हलवता विचारलं.

"हिरवे डोळे," वकीलसाहेब म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज साक्षीदारासारखा झाला होता. "पांढरा पट्टा. टोकाला. अगदी स्पष्ट."

"पण कुठं?"

"तुमच्या पाठीवर. दोन्ही खांद्यांच्या मध्ये."

मी मान वळवायचा प्रयत्न केला. अक्कांनी "अं" केलं. मान वळली तर ती उडणार, नाही वळली तर मला दिसणार नाही. माझ्या घामेजल्या शर्टावर, माझ्यापासून अर्ध्या हातावर, अख्ख्या धारवाडनं न पाहिलेली टाचणी पंख मिटून बसली होती, आणि ती पाहणं ज्याला सक्तीचं होतं तो एकटाच तिला पाहू शकत नव्हता. मला शर्टातून तिचं वजन जाणवतंय असंही वाटलं. अर्थात तिला वजन नसतंच.

"गेली," वकीलसाहेब म्हणाले.

मी गर्रकन वळलो. पाणी हललं. सावली होती, फांदी होती, बाकी काही नाही. वकीलसाहेबांनी मनगट वर करून घड्याळ पाहिलं, मला दाखवलं. बारा. त्यांनी घसा साफ केला.

"शेटजी. नियमाप्रमाणे विचारतो. पाहिलीत?"

अक्कांनी वही उघडून गुडघ्यावर धरली होती. पट्टी पानावर आडवी ठेवलेली. लाल पेनाचं टोपण काढलेलं. हात स्थिर होता, आणि तो स्थिर आहे हेच मला बघवेना. इतके दिवस मी खरं शोधत फिरत होतो. ते मला सापडलं होतं, फक्त पाठीमागच्या बाजूला.

"पाहिली," मी म्हणालो. "हिरवे डोळे. पांढरा पट्टा, टोकाला. अगदी स्पष्ट पाहिली."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे एक क्षण पाहिलं. ते सगळं समजले, आणि चाळीस वर्षांच्या वकिलीत जे कधी केलं नसेल ते त्यांनी केलं. दुसरा प्रश्न विचारला नाही. "शंका मागे?"

"मागे."

"मग लिहा अक्का, 'पाहिलं'च्या रकान्यात. तुमचं नाव, या भागात प्रथमच."

अक्कांनी फक्त गप्प राहायचं होतं. बारा वर्षं वाचली होती, आयुष्यातला पहिला शिक्का मिळाला होता, पेन हातात होतं. त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं, पिशवीतलं निळं घेतलं, रकान्यावर टेकवलं, थांबल्या, आणि वर्गात पकडलेल्या पोराकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहून त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"खोटं बोलतोस. ती तुझ्या पाठीवर बसली होती, तुला कुठनं दिसणार?"